गिटार विवर्धकातील पूर्वविवर्धक नलिका

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत शक्तिविवर्धक टप्प्याला पुरेल इतका वाढविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लहान इलेक्ट्रॉन नलिकांना पूर्वविवर्धक नलिका असे म्हणतात. इलेक्ट्रॉन नलिका व्यवहारात ‘व्हॉल्व्ह’ या नावाने ओळखली जाते व ट्रँझिस्टर प्रचारात येण्यापूर्वीच्या घरगुती रेडिओंमुळे हे नाव सर्वपरिचित आहे. रेडिओ, दूरध्वनी व संगणक या क्षेत्रांतून नलिका जवळजवळ नाहीशा झाल्या असल्या, तरी गिटार विवर्धकात त्यांचे स्थान टिकून आहे. या नलिका मंडलात डाख देऊन पक्क्या केलेल्या नसतात, तर पिनांच्या साहाय्याने बैठकीत खोचलेल्या असतात. त्यामुळे एक नलिका काढून तिच्या जागी दुसऱ्या प्रकारची वा दुसऱ्या कारखान्याची नलिका बसविणे सोपे असते. विवर्धकाचा ध्वनिगुण (ज्यामुळे सारख्याच उंचीचे व तीव्रतेचे दोन नाद वेगळे ओळखू येतात तो गुण) आपल्या आवडीप्रमाणे घडविण्यासाठी अनेक वादक हा उपाय योजतात. त्याचा परिणाम काही बाबतींत निश्चित व मोजता येण्याजोगा असतो, तर काही बाबतींत तो मानला जातो त्याहून पुष्कळच कमी असतो.

ऐतिहासिक आढावा : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका तयार केली आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास तिच्यात जालकाची भर घालून त्रिप्रस्थ नलिकेचा पाया घातला. विद्युत् संकेताचे विवर्धन त्यामुळे शक्य झाले. विद्युत् गिटार १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली व तिच्याबरोबरच नलिकांचे विवर्धकही आले. पूर्वविवर्धक नलिकांत सर्वांत महत्त्वाची ठरलेली १२एएक्स७ ही नलिका अमेरिकेतील आरसीए या कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणली. पुढे तिची जागा घेऊ पाहणारा ट्रँझिस्टर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत प्रथम कार्य करू लागला, हा योगायोग लक्षणीय आहे. यूरोपात हीच नलिका ईसीसी८३ या नावाने ओळखली जाते. यूरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापक तंतूचा ६·३ व्होल्ट हा दाब दर्शविते, पुढील दोन अक्षरे दोन त्रिप्रस्थ दर्शवितात आणि आठ हा अंक नऊ पिनांच्या लहान बैठकीचा निदर्शक आहे.

रचना व कार्य : पूर्वविवर्धक नलिका बहुधा जुळी त्रिप्रस्थ नलिका असते, म्हणजे एकाच निर्वात काचकुपीत दोन स्वतंत्र त्रिप्रस्थ बसविलेले असतात. प्रत्येकात ऋणाग्र, जालक (बारीक तारेची जाळी) व धनाग्र अशी तीन अग्रे असतात. तापक तंतूमुळे ऋणाग्र तापले की, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व उच्च धन दाबावर असलेल्या धनाग्राकडे ओढले जातात. जालक ऋणाग्राच्या सापेक्ष थोड्या ऋण दाबावर ठेवलेले असते. ते ऋणाग्राच्या अगदी जवळ असल्यामुळे त्यावरील दाबातील अल्प बदलानेही धनाग्राकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो. हा बदलता प्रवाह धनाग्राला जोडलेल्या रोधकातून जात असल्याने त्या रोधकावर मूळ संकेताच्या अनेक पट मोठा दाब मिळतो. [→ इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ति].

त्रिप्रस्थाचे वर्तन मुख्यतः दोन राशींवरून समजते. विवर्धनांक ही पहिली राशी होय. जालकावरील दाब १ व्होल्टने बदलला असता प्रवाह पूर्ववत राखण्यासाठी धनाग्रावरील दाब जितक्या व्होल्टने बदलावा लागतो, ती संख्या म्हणजे विवर्धनांक. १२एएक्स७ या नलिकेचा विवर्धनांक १०० आहे. दुसरी राशी म्हणजे नलिकेचा अंतर्गत रोध. १२एएक्स७ च्या बाबतीत तो सु. ६०,००० ते ८०,००० ओहम असतो. प्रत्यक्ष टप्प्यातून मिळणारे विवर्धन हे विवर्धनांकाइतके कधीच नसते. विवर्धनांकाला धनाग्र रोधकाच्या मूल्याने गुणून त्या गुणाकारास धनाग्र रोधक व अंतर्गत रोध यांच्या बेरजेने भागले असता ते मिळते (ऋणाग्र रोधकाला समांतर पुरेसे मोठे धारित्र जोडलेले आहे असे येथे गृहीत धरले आहे). गिटार विवर्धकात धनाग्र रोधक बहुधा १,००,००० ओहमचा असतो. अंतर्गत रोध ६५,००० ओहम धरल्यास १२एएक्स७ पासून सु. ६१ पट विवर्धन मिळते. पुढील टप्प्याचा भार पडल्याने ते आणखी थोडे कमी होते.

जालकाला लागणारा ऋण दाब या टप्प्यात ऋणाग्र रोधकामुळे आपोआप निर्माण होतो. या रोधकाचे मूल्य सर्वसाधारणपणे १,५०० ओहम असते व त्यातून सु. १ मिलिअँपिअर प्रवाह जात असल्याने जालक ऋणाग्रापेक्षा सु. १·५ व्होल्टने ऋण राहते. नलिका बदलली की प्रवाह व हा दाब नव्या नलिकेला अनुसरून स्वतःच स्थिर होतात. म्हणून पूर्वविवर्धक नलिका बदलल्यावर मंडलात कोणतेही समायोजन करावे लागत नाही. पुष्कळ विवर्धकांतील शक्तिनलिकांना मात्र जालकाचा ऋण दाब बाहेरून पुरविलेला असतो व त्या बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घेणे आवश्यक असते.

नलिकांचे प्रकार : १२एएक्स७ च्या बैठकीत पिनांच्या सारख्या मांडणीमुळे बसू शकणाऱ्या नलिकांपैकी पुढील प्रकार गिटार विवर्धकांत विशेष वापरले जातात. ५७५१ ही औद्योगिक व लष्करी उपयोगासाठी तयार करण्यात आलेली नलिका असून तिचा विवर्धनांक ७० व अंतर्गत रोध सु. ५८,००० ओहम आहे. १२एएक्स७ च्या टप्प्यात ती बसविल्यास विवर्धन सु. ४४ पट, म्हणजे सु. ३ डेसिबेलने कमी होते. १२एवाय७ चा विवर्धनांक सु. ४० ते ४४ आहे. अल्प गोंगाट हे तिचे वैशिष्ट्य असून तिच्यापासून त्याच टप्प्यात सु. ३० पट विवर्धन मिळते. १२एटी७ (ईसीसी८१) ही मूलतः उच्च कंप्रतेच्या मंडलांसाठी केलेली नलिका असून तिचा विवर्धनांक ६० आहे. हा आकडा सु. १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी दिलेला असतो. गिटार विवर्धकाच्या पहिल्या टप्प्यात १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह असताना तिचा विवर्धनांक उतरतो व अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे आकड्यावरून वाटते तितके विवर्धन तिच्यापासून मिळत नाही. १२एयू७ (ईसीसी८२) चा विवर्धनांक १७ ते २० असून प्रत्यक्ष विवर्धन सु. १५ पट, म्हणजे १२एएक्स७ पेक्षा सु. १२ डेसिबेलने कमी असते. १२डीडब्ल्यू७ या नलिकेत एक त्रिप्रस्थ १२एएक्स७ सारखा व दुसरा १२एयू७ सारखा असतो. ७०२५ ही कमी गोंगाट व कमी गुणगुण यांसाठी निवडलेली १२एएक्स७ च होय.

नऊ पिनांची बैठक सारखी असली म्हणजे कोणतीही नलिका कोणत्याही जागी चालते असे मात्र नाही. उदा., ६डीजे८ (ईसीसी८८) ही नलिका त्याच आकाराची असली, तरी तिच्या तापक तंतूची जोडणी वेगळी असते व तिचे धनाग्र कमी दाबासाठी केलेले असते. ती १२एएक्स७ च्या जागी वापरता येत नाही.

विरूपण व ध्वनिगुण : संगीताच्या पुनरुत्पादनासाठी असलेल्या विवर्धकाने मूळ संकेतात काहीही भर घालू नये अशी अपेक्षा असते. गिटार विवर्धकाची गोष्ट निराळी आहे. तो वाद्याचाच एक भाग मानला जातो आणि त्याने संकेतात केलेला बदल, म्हणजे विरूपण, वादकाला अनेकदा हवाच असतो. संकेत लहान असताना त्रिप्रस्थ तो जवळजवळ जसाच्या तसा वाढवितो. संकेत मोठा झाला की, एका अर्ध्या आवर्तनात जालक इतके ऋण होते की, प्रवाह थांबण्याच्या बेतात येतो. दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात जालक ऋणाग्राच्या पातळीपर्यंत चढते, ते स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते व संकेताचा माथा दबला जातो. हे दोन्ही बदल एकदम न होता क्रमाक्रमाने होतात आणि दोन्ही बाजूंना सारखे नसतात.

तरंगाचा आकार असा बदलला म्हणजे त्यात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांचे प्रसंवादी स्वर मिसळतात. मूळ स्वर षड्ज मानल्यास दुसरा प्रसंवादी वरच्या सप्तकातील षड्ज व तिसरा त्याच्याही पुढचा पंचम होय. विरूपण एकाच बाजूला व सौम्य असेल, तर दुसरा प्रसंवादी प्रबळ असतो व नाद भरलेला वाटतो. दोन्ही बाजू छाटल्या जाऊ लागल्या की, तिसरा, पाचवा इ. विषम प्रसंवादी वाढतात व नाद अधिक कडक आणि धारदार होतो. एकाच वेळी अनेक तारा छेडल्यास त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्या यांएवढ्या कंप्रतांचे नवे स्वरही निर्माण होतात. त्यामुळे एका तारेवर गोड वाटणारे विरूपण स्वरसंघात वाजविताना गढूळ वाटू शकते. विरूपणाबरोबर मोठे व लहान संकेत यांमधील अंतरही कमी होते. छेडलेला स्वर अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

नलिका बदलल्याने विरूपणावर होणारा परिणाम पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. गिटारमधील चुंबकीय पिकअपकडून हळुवार वादनात सु. ०·१ व्होल्ट संकेत मिळतो असे मानू. पहिल्या टप्प्यात १२एएक्स७ असेल, तर तो सु. ६ व्होल्ट होतो व तीव्रता नियंत्रकामार्फत दुसऱ्या टप्प्याकडे जातो. दुसऱ्या टप्प्याच्या जालकाला सु. १·५ व्होल्टपेक्षा मोठा संकेत विरूपणाशिवाय झेपत नाही. म्हणजे नियंत्रकाने संकेताचा एक चतुर्थांश भाग पुढे सोडताच विरूपणास प्रारंभ होतो. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ बसविल्यास संकेत सु. ३ व्होल्ट होतो आणि त्याच स्थितीला पोहोचण्यासाठी निम्मा भाग पुढे सोडावा लागतो. १२एयू७ बसविल्यास संकेत मुळातच सु. १·५ व्होल्ट असल्याने नियंत्रक पूर्ण उघडल्याशिवाय ती स्थिती येत नाही. तिन्ही प्रकारांत दुसरा टप्पा तोच आहे व त्याच्या विरूपणाचे स्वरूपही तेच आहे. बदलते ते विरूपण सुरू होण्याचे ठिकाण. जोराने छेडताना ०·५ ते १ व्होल्ट संकेत मिळत असल्याने हळुवार व जोरदार आघात यांतील फरकही नलिकेप्रमाणे कमीअधिक जाणवतो. कमी विवर्धनाच्या नलिकेने ‘बोटांना प्रतिसाद वाढला’ असे वादक म्हणतात, त्याचे हे स्पष्टीकरण आहे.

उच्च कंप्रतांवर होणारा एक परिणाम यापेक्षा सूक्ष्म आहे. जालक व धनाग्र यांच्यामध्ये अल्प धारकता असते. १२एएक्स७ मध्ये ती केवळ १·७ पिकोफॅराड असते. परंतु धनाग्रावरील दाब जालकावरील दाबाच्या उलट दिशेने सु. ६० पट बदलत असल्यामुळे ही धारकता पूर्वीच्या टप्प्याला सु. १०० पिकोफॅराड इतकी भासते. याला जे. एम. मिलर यांच्या नावावरून मिलर परिणाम म्हणतात. १० लक्ष ओहमचा तीव्रता नियंत्रक मध्यावर असताना त्याचा परिणामी रोध सु. २,५०,००० ओहम असतो व या धारकतेबरोबर तो सु. ६,००० हर्ट्‌झच्या वरच्या कंप्रता क्षीण करू लागतो. तेथे १२एयू७ सारखी नलिका असेल, तर भासणारी धारकता सु. २५ पिकोफॅराडच असल्याने ही क्षीणता गिटारच्या उपयुक्त पट्ट्याच्या बाहेर जाते. कमी विवर्धनाची नलिका कधीकधी अधिक ‘उघड्या’ आवाजाची वाटते, त्यामागे हेही एक कारण असू शकते. तथापि गिटारसाठी वापरले जाणारे ध्वनिक्षेपक सु. ५,००० हर्ट्‌झच्या पुढे स्वतःच फारसा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे हा फरक मर्यादितच राहतो.

एक ऐतिहासिक उदाहरण : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या ‘बासमन’ विवर्धकाच्या ५एफ६-ए या मंडलात पहिल्या जागी १२एवाय७ व पुढील दोन जागी १२एएक्स७ अशी योजना होती. हा विवर्धक मंद्र स्वरांच्या बास गिटारसाठी होता आणि स्वच्छ आवाज हे त्याचे उद्दिष्ट होते. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे ढोलवादक व शिक्षक जिम मार्शल (१९२३–२०१२) यांनी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने १९६२ च्या सुमारास याच मंडलावरून ‘जेटीएम ४५’ हा विवर्धक तयार केला. त्यात पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ बसविण्यात आली. या एका बदलाने पहिल्या टप्प्याचे विवर्धन जवळजवळ दुप्पट झाले व विवर्धक बराच आधी विरूपित होऊ लागला. जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेत मार्शल विवर्धकातून काढलेला दाट व लांबणारा नाद पुढे रॉक संगीताचा विशेष बनला.

या उदाहरणावरून सर्व श्रेय नलिकेला देणे मात्र बरोबर होणार नाही. ‘बासमन’ मध्ये मागील बाजू उघडी असलेल्या पेटीत २५ सेंमी. व्यासाचे चार ध्वनिक्षेपक होते, तर मार्शल विवर्धकाबरोबर ३० सेंमी. व्यासाचे चार ध्वनिक्षेपक असलेली बंद पेटी आली. रोहित्रे वेगळी होती आणि शक्तिनलिकाही लवकरच बदलल्या. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा नाद हा या सर्वांचा संयुक्त परिणाम असतो आणि त्यात ध्वनिक्षेपक व त्याची पेटी यांचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो.

नलिकेची जागा : परिणाम किती होईल हे नलिका कोणत्या जागी बदलली यावर अवलंबून असते. गिटारच्या प्रवेशस्थानाजवळील पहिली जागा सर्वांत महत्त्वाची होय, कारण तेथील विवर्धन व तेथेच उत्पन्न होणारा गोंगाट या दोहोंचे पुढील सर्व टप्प्यांत विवर्धन होते. म्हणून सर्वांत कमी गोंगाटाची नलिका येथे योजतात. मधल्या जागी एखादा त्रिप्रस्थ ऋणाग्र अनुगामी म्हणून जोडलेला असेल (संकेत ऋणाग्रावरून घेतलेला असेल), तर त्याचे विवर्धन जवळजवळ एक असते व तेथे विवर्धनांकातील फरकाचा परिणाम अल्प होतो. शक्तिनलिकांच्या जोडीला परस्परांच्या उलट असे दोन संकेत पुरविणाऱ्या कलाविपर्यासक जागी १२एएक्स७ काढून १२एटी७ बसविल्यास शक्तिविवर्धक उशिरा विरूपित होतो. फेंडर कंपनीच्या १९६० च्या दशकातील अनेक विवर्धकांत या जागी १२एटी७ मूळचीच असते. त्याच विवर्धकांत प्रतिध्वनीसाठी असलेल्या स्प्रिंगच्या चालक टप्प्यातही १२एटी७ असते. तेथे १२एयू७ बसविली म्हणजे प्रतिध्वनीचे प्रमाण कमी होते व त्याचे नियंत्रण अधिक सुकर होते.

एकाच प्रकारातील फरक : वरील सर्व फरक निरनिराळ्या प्रकारच्या नलिकांतील आहेत. एकाच प्रकारच्या, परंतु वेगवेगळ्या कारखान्यांच्या वा काळांच्या नलिकांत असेच मोठे फरक असल्याचे प्रतिपादन केले जाते. पूर्वीच्या ब्रिटिश, जर्मन वा अमेरिकन नलिकांना त्यामुळे नव्या नलिकेच्या अनेक पट किंमत मिळते. यातील काही फरक खरे आहेत. विवर्धन, गोंगाट, दोन त्रिप्रस्थांमधील समतोल आणि यांत्रिक कंपनांविषयीची संवेदनशीलता यांत नलिकांनलिकांत तफावत असते. परंतु अशी तफावत एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेल्या दोन नलिकांतही आढळते. कुपीवरील नाव पाहून ध्वनिगुण सांगता येतो, या समजुतीला या कारणाने फारसा आधार राहत नाही.

कानाने केलेली तुलनाही काळजीपूर्वक करावी लागते. दोन नादांपैकी किंचित मोठा नाद मनुष्याला बहुधा अधिक चांगला वाटतो. एक डेसिबेलएवढा फरक तीव्रतेचा म्हणून लक्षात न येता गुणाचा म्हणून जाणवतो. शिवाय नलिका बदलून ती तापेपर्यंत काही मिनिटे जातात व मधल्या काळात आधीच्या नादाची आठवण पुसट होते. यासाठी तुलना करताना नियंत्रकाने दोन्ही वेळा तीव्रता सारखी करून घेणे, तोच स्वरसमूह वाजविणे व शक्य असल्यास कोणती नलिका बसविली आहे हे ऐकणाऱ्याला न सांगणे इष्ट असते. अशा रीतीने पाहिले असता १२एएक्स७ व १२एवाय७ यांतील फरक नियंत्रकाने पुष्कळसा भरून काढता येतो असे दिसते. नियंत्रकाचा उपयुक्त पल्ला, उच्च कंप्रतांचा थोडा भेद व पहिल्याच टप्प्याचे वर्तन एवढे शिल्लक राहते. म्हणून नलिका विकत घेण्यापूर्वी विवर्धकाचे तीव्रता नियंत्रक तसेच गिटारवरील नियंत्रक मागे घेऊन हवा तो नाद मिळतो का, हे पाहणे हा बिनखर्चाचा प्रयोग ठरतो.

दोष व परीक्षण : नलिका बदलण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे जुनी नलिका सदोष होणे. जालक वा अन्य भाग सैल झाल्यास नलिका ध्वनिग्राहकासारखी वागू लागते व ध्वनिक्षेपकाच्या कंपनांनी घणघणते किंवा शीळ घालते. विवर्धक व ध्वनिक्षेपक एकाच पेटीत असल्यास हा दोष अधिक जाणवतो. विवर्धक चालू असताना पेन्सिलीच्या लाकडी टोकाने नलिकेवर हलकेच टकटक केल्यास सदोष नलिका मोठ्या आवाजाने ओळखू येते. सतत फसफस वा कडकड होणे, आवाज उतरणे ही इतर लक्षणे होत. कुपीच्या आत वरच्या बाजूस दिसणारा चांदीसारखा लेप बेरियमाचा असून तो उरलेली हवा शोषून निर्वात टिकवितो. तो पांढरा पडल्यास कुपीत हवा शिरली असे समजावे. पूर्वविवर्धक नलिकेवर अल्प भार असल्याने ती हजारो तास टिकते व निर्दोष असताना ठराविक मुदतीने बदलण्याचे कारण नसते.

घ्यावयाची काळजी : नलिका विवर्धकातील दाब २५० ते ५०० व्होल्ट असून तो प्राणघातक ठरू शकतो. विद्युत् पुरवठा बंद करून तार काढल्यानंतरही धारित्रांत हा दाब पुष्कळ वेळ राहू शकतो. नलिका बहुधा सांगाड्याबाहेर असतात व त्या बदलण्यासाठी सांगाडा उघडावा लागत नाही. तो उघडण्याचे काम जाणकारानेच करावे. नलिका बदलण्यापूर्वी पुरवठा तोडावा व काच निवू द्यावी. धातूचे आवरण असल्यास ते काढून नलिका सरळ वर, किंचित हलवीत ओढावी. बसविताना पिनांमधील मोठी फट बैठकीतील फटीशी जुळवावी व जोर लावू नये, कारण वाकलेल्या पिनेमुळे काचेला तडा जातो. आवरण पुन्हा बसवावे. त्यामुळे गुणगुण कमी होते. एका वेळी एकच नलिका बदलावी व काढलेली नलिका जागेची नोंद करून जपून ठेवावी, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले हे निश्चित कळते व पूर्वस्थितीवर येता येते.

उत्पादन व उपलब्धता : भारतात बंगलोर (आता बंगळूरु) येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६० च्या दशकापासून रेडिओसाठी लागणाऱ्या नलिकांचे उत्पादन केले. ट्रँझिस्टरच्या प्रसारानंतर जगभर ही मागणी आटली आणि पश्चिम यूरोप व अमेरिका येथील बहुतेक मोठे कारखाने १९८० च्या दशकापर्यंत बंद झाले. त्यानंतर पूर्वविवर्धक नलिकांचे उत्पादन मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत होत आले आहे. मलार्ड, टंग-सोल यांसारखी जुनी व्यापारी नावे नव्या मालकांनी घेतली असून रशियातील सराटव्ह येथे बनलेल्या नलिका त्या नावांनी विकल्या जातात. त्यांचा मूळ कारखान्यांशी संबंध नाही. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा तुटवडा पडून किंमती वाढल्या. नलिकांचा पुरवठा किती थोड्या कारखान्यांवर अवलंबून आहे, हे त्यावरून दिसून आले.

जुन्या नलिकांचा साठा मर्यादित आहे व तो वाढणारा नाही. निर्दोष नलिका केवळ नवेपणासाठी काढून टाकणे किंवा नावासाठी जुनी नलिका चढ्या किंमतीला घेणे या दोहोंपेक्षा, विवर्धकाच्या कोणत्या टप्प्यात किती विवर्धन हवे हे जाणून त्याप्रमाणे प्रकार निवडणे अधिक श्रेयस्कर होय. पूर्वविवर्धक नलिका विवर्धकाला नवा आवाज देत नाही. त्याच्या मंडलात असलेला आवाज वादकाच्या हाताखाली केव्हा प्रकट व्हावा, हे ती ठरविते.